भिशीचे पंचवीस हजार आणि अर्धा किलो रवा

ताईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात प्रिंटरच्या पोटात अडकलेला कागद ओढून काढत होते. "मला भिशी लागली गं. पंचवीस हजार. मनूला शाळेसाठी लॅपटॉप नाहीतर टॅब घेऊन टाकू म्हणते. पण हलकं हवं हं. कुठलं घेऊ, तू सांग."

पुण्यातल्या एका कारखान्याच्या कार्यालयात मी संगणक, प्रिंटर आणि वायफाय सांभाळते. एवढ्याशा भांडवलावर गेली बारा वर्षं मी सगळ्या गोतावळ्याची सल्लागार आहे. फी म्हणून आमसुलं, कुळथाचं पीठ आणि कधी अर्धा फणस मिळतो. त्यामुळे ताईला दोन नावं सांगून फोन ठेवणं मला अवघड नव्हतं. तसं केलं असतं तर चुकीची वस्तू घरात आली असती, हे पुढं कळलं. नंतर चार मैत्रिणींनी याच शब्दांत हाच प्रश्न विचारला, म्हणून सगळा प्रकार एकदा नीट लिहून काढते.

हे मे २०२५ मधलं. मनू, म्हणजे माझी भाची, आठवी संपवून नववीत जाणार होती. घर चिपळूणपासून एसटीनं पाऊण तासावरच्या गावात. भावोजी एसटीत कंडक्टर. घरात एकच स्मार्टफोन, तो भावोजींचा. ताईकडं बटणांचा साधा फोन आहे आणि तिला तोच आवडतो.

काट्यावर दप्तर

"हलकं कशाला?" असं विचारलं तर ताई म्हणाली, "दप्तर उचलून बघ तिचं एकदा."

आंब्याच्या निमित्तानं मी गावी गेलेच होते. शेजारची मुलगी दहावीत गेली होती, तिची नववीची पुस्तकं मनूनं आणून ठेवली होती. त्यांच्या वेळापत्रकातला सगळ्यात जड वार निवडून आम्ही खोटं खोटं दप्तर भरलं आणि कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर नेऊन ठेवलं. वाण्यानं आधी चष्मा वर करून आमच्याकडं बघितलं, मग स्वतःच रस घेऊन एकेक वस्तू वेगळी मोजून दिली. पुस्तकं-वह्या ३ किलो ४००. भरलेली पाण्याची बाटली १ किलो २००. डबा ५००. रेनकोट ४००. रिकामं दप्तर ६००. एकूण ६ किलो १००.

मनूचं वजन ४१ किलो. राज्य सरकारनं २०१५ साली दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये असं सांगितलं, केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही तेच प्रमाण आहे आणि नववी-दहावीसाठी अडीच ते साडेचार किलो असा आकडा दिलाय. म्हणजे मनूच्या पाठीवर चार किलोच्या वर जायला नको. दोन किलो जास्तच होते.

आठवीपर्यंत हे जाणवलं नव्हतं, त्याला कारण होतं. २०२३-२४ पासून दोन वर्षं बालभारतीची आठवीपर्यंतची पुस्तकं चार भागांत येत होती, पाठांमध्येच लिहायला कोरी पानं घातलेली. एका वेळी एकच भाग न्यायचा. ती योजना २०२५ च्या सुरुवातीला बंद झाली, पण तोवर मनू तिच्यातून बाहेर पडतच होती. नववीला पुन्हा अख्खी पुस्तकं आणि विषयागणिक वह्या. ताईच्या डोळ्यांसमोर हे होतं आणि तिचा हिशेब सरळ होता: पुस्तकं टॅबमध्ये गेली की दप्तर रिकामं.

तो हिशेब शाळेच्या दारात अडला. मुख्याध्यापकांना भेटायला मी मुद्दाम गेले. फार सज्जन गृहस्थ. म्हणाले, "ताई, उपकरण आणायला आमच्याकडं परवानगी नाही. पुस्तक विसरलं तर शेजारणीचं बघता येतं. टॅब फुटला तर मी कुणाला जबाबदार धरू?" यावर मला काही बोलता येईना, कारण त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

म्हणजे पुस्तकं शाळेत न्यावीच लागणार होती, आणि टॅब असो वा लॅपटॉप, तो घरीच राहणार होता. परत येताना वाटेत मी मनूला विचारलं, "शाळेत प्यायचं पाणी नाही का?" आहे की, फिल्टर आहे, दोन वर्षांपूर्वी बसवलाय. मग बाटली भरून का नेतेस? "आई देते म्हणून." बाटली रिकामी नेऊन तिथं भरायची असं ठरलं आणि दप्तरातला एक किलो फुकटात कमी झाला. भिशीला हातही लागला नाही.

फोन वस्तीला जातो

इथपर्यंत घरातल्या मोठ्यांनी सगळं ठरवलं होतं. ज्या मुलीला ही वस्तू वापरायची, तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. संध्याकाळी पडवीतल्या झोपाळ्यावर बसून मी मनूला म्हटलं, बाबांच्या फोनवर तू काय काय करतेस ते सगळं सांग. रील बघतेस तेही सांग, मी आईला सांगणार नाही.

तिनं बोटांवर मोजलं. क्लासचे सर व्हॉट्सॲपवर नोट्सची पीडीएफ टाकतात. रविवारी गूगल फॉर्मवर चाचणी असते. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी अभ्यासाच्या ॲपवर व्हिडिओ उघडतो, ते भूगोलाला बरे असतात. बालभारतीच्या साइटवरून पुस्तकं मोफत उतरवता येतात, ती रात्री वाचते. प्रकल्प टाइप करायचा असेल तर चिपळुणात सायबरवाल्याकडं जावं लागतं, पानाला वीस रुपये. आणि रील. "थोडेच," ती म्हणाली.

"मग अडतं कुठं?"

"फोनच नसतो ना मावशी. बाबा सकाळी सहाला जातात, रात्री साडेआठला येतात. वस्तीची गाडी असली की फोन दुसऱ्या दिवशी."

या एका वाक्यानं माझ्या डोक्यातल्या यादीची उलथापालथ झाली. वस्तीची गाडी म्हणजे जी रात्री शेवटच्या गावी मुक्कामाला थांबते आणि पहाटे परत निघते. भावोजींना महिन्यातून आठ-दहा वेळा ती लागते. त्या रात्री फोन नाही, म्हणजे नोट्स नाहीत, चाचणी नाही. आणि मी जो वायफायवाला स्वस्त टॅब मनात धरला होता, तो चालणार कशावर? भावोजींच्या फोनच्या हॉटस्पॉटवर. म्हणजे तोही वस्तीलाच जाणार! गावात फायबरची तार अजून आलेली नाही. इंटरनेट मिळतं ते मोबाइलच्या टॉवरवरून, तेही पडवीत बरं आणि माजघरात अर्धवट.

तेव्हा पहिली अट ठरली: वस्तूला स्वतःचं सिमकार्ड हवं. "हलकं" दुसऱ्या क्रमांकावर गेलं.

काय काय समोर होतं

आयपॅड मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. ४७७ ग्रॅम, सुरेख वस्तू, पण त्या मार्चमध्ये आलेल्या नव्या मॉडेलची किंमतच ३४,९०० पासून पुढं, आणि तीही सिमशिवाय. क्रोमबुक म्हणजे गूगलच्या प्रणालीवर चालणारा लॅपटॉप, त्याच्याबद्दल मला जिव्हाळा आहे, गूगलनं २०२१ पासूनच्या मॉडेलांना दहा वर्षं अपडेट द्यायचं कबूल केल्यापासून जास्तच. तरी इंटरनेट नसलं की त्याचा निम्मा जीव जातो, आणि सिमवालं क्रोमबुक या पैशांत कुठून आणणार?

भावोजींचा कौल पहिल्यापासून लॅपटॉपला होता. "टॅब म्हणजे मोठा मोबाइल. त्याच्यावर ती रीलच बघणार. लॅपटॉप उघडला की माणूस कामाला बसतो." यात तथ्य आहे आणि मी ते तेव्हाही मान्य केलं. चिपळूणच्या एका दुकानात त्यांनी एक जुना, दुरुस्त केलेला लॅपटॉप बघूनही ठेवला होता: डेल लॅटिट्यूड ७४८०, चौदा इंची, आठ जीबी रॅम, साडेएकोणीस हजार. दीड किलोच्या आतला, भरभक्कम धंदेवाईक यंत्र. मी स्वतः ऑफिसात या जातीचे डझनभर लॅपटॉप सांभाळलेत, ते सहसा रडत नाहीत.

अडचण त्या आकड्यात होती. ७४८० मध्ये इंटेलचा सहाव्या किंवा सातव्या पिढीचा प्रोसेसर असतो. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची अट आठव्या पिढीपासून पुढं. आणि विंडोज १० चा पाठिंबा, म्हणजे कंपनीकडून येणारे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, म्हणजे दिवाळीच्या आधीच. त्याचा सख्खा भाऊ ७४९० आठव्या पिढीत मिळतो, दिसायला हुबेहूब तोच. बाहेरून फरक ओळखायचा तर खालच्या स्टिकरवरचा एक आकडा बघायचा. दुकानदार म्हणाला, "मॅडम, इलेव्हन टाकून देतो की, चालतंय सगळं." चालतं, हे खरं आहे. पण अट चुकवून टाकलेल्या विंडोजला पुढं अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, आणि तिथं बिघडलं की मला पुण्याहून गाडी पकडावी लागणार. ७४९० त्याच्याकडं नव्हता.

मग आलं जिओबुक, म्हणजे जिओचा छोटा लॅपटॉप. हा पर्याय मी गंभीरपणे घेतला होता. २०२३ साली १६,४९९ ला आलेलं, नंतर आणखी उतरलेलं. ११.६ इंची, वजन ९९० ग्रॅम, कीबोर्ड आहे, ४जी आतच आहे. भावोजींचा लॅपटॉप, ताईचं हलकं आणि माझं सिम, तिघांच्या अटी एकाच पेटीत. चार जीबी रॅम थोडी कमी, पण त्यात विंडोज नसून अँड्रॉइडच्या घराण्यातलीच प्रणाली आहे, तेव्हा तेवढ्यावर भागतं. ते का घेतलं नाही, हे सांगायला मला पुठ्ठ्यापासून सुरुवात करावी लागेल.

पुठ्ठ्याचे पडदे

पडद्याचा इंची आकार तिरका मोजतात. त्यामुळे माझ्या यादीतल्या दोन टॅबच्या ८.७ आणि ११ या आकड्यांत फार अंतर वाटत नाही. मी जुन्या वहीची पुठ्ठ्याची पाठ घेतली आणि मनूच्या कंपासपेटीतल्या पट्टीनं खरे पडदे आखून कापले. ८.७ इंची टॅब उभा धरला तर पडदा ११.३ सेंटिमीटर रुंद. ११ इंची १४.८. जिओबुकसारखा ११.६ इंची आडवा पडदा २५.७ रुंद, पण उंची फक्त १४.४.

हे तुकडे नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकावर ठेवले. पाठ्यपुस्तकाचं पान जवळपास ए-४ एवढं, म्हणजे एकवीस सेंटिमीटर रुंदीचं. ८.७ वर ते पान मावलं तर अक्षर निम्मंच राहतं. अकरा इंचीवर सत्तर टक्के. 'प्रकाशाचे परावर्तन' या पाठातली किरणाकृती घ्या. आपाती किरण, स्तंभिका, कोन आय आणि कोन आर ही अक्षरं मुळातच बारीक छापलेली. निम्म्यावर आली की दोन बोटांनी ताणून मोठं करायचं, मग आकृती बाहेर जाते, मग सरकवायचं. भावोजींच्या फोनवर मनू गेलं वर्षभर हेच करत होती. मान खाली, बोटं सतत चालू.

आडव्या पडद्यावर अक्षर पुस्तकाएवढं मोठं दिसतं, यात वाद नाही. पण एका वेळी पान निम्मंच दिसतं. आकृती वर, स्पष्टीकरण खाली, आणि त्या दोघांमध्ये सतत वरखाली. टाइप करायला आडवा पडदा, वाचायला उभा. मनूच्या सहा कामांपैकी चार वाचायची-बघायची होती.

दुसरी गोष्ट घराची. त्या घरात टेबल नाही. असेल तर शिवणयंत्राचं, त्याच्यावर कायम कपड्यांचा ढीग. मनूचा अभ्यास झोपाळ्यावर, पायरीवर, नाहीतर माजघरात पालथं पडून चालतो. लॅपटॉपला मांडी घालून बसलेलं माणूस लागतं. झोपाळ्यावर टॅबच हातात राहणार.

आता हातात धरायची वस्तू म्हटल्यावर "हलकं" पुन्हा दारात आलं. दप्तरातलं वजन विसरून जा, हातातलं किती? खोक्यावर लिहिलेले ग्रॅम वाचून हे कळत नाही. ताईच्या स्वयंपाकघरातून अर्धा किलो रव्याची पुडी आणली आणि मनूला म्हटलं, ही एका हातात वहीसारखी उभी धरून बस, दुसऱ्या हातानं काही करायचं नाही. मी घड्याळ लावलं. दोन मिनिटं ती हसत होती. चौथ्या मिनिटाला कोपर मांडीवर टेकलं. सातव्याला म्हणाली, "मनगट दुखतंय." अकरा इंची टॅब ४८० ग्रॅमच्या आसपास असतो, त्यावर अडीचशेचं जाड कव्हर चढलं की पाऊण किलो. ८.७ इंची ३३२ ग्रॅमचा, तो सहज धरला जातो, पण त्याच्यावर अक्षर निम्मं. हातात हलकं तेवढं डोळ्यांना जड! शेवटी मध्य असा काढला की अकरा इंचीच घ्यायचा, कव्हर मागं दुमडून उभं राहणारं घ्यायचं आणि हातात धरून वाचणं दहा मिनिटांपुरतंच. बाकी वेळ तो झोपाळ्याच्या फळीवर टेकवून.

पडवीत एक गोष्ट मात्र कुठल्याच टॅबनं जमवली नसती. दुपारी तीननंतर तिथं समोरून उजेड येतो आणि चकचकीत पडद्याचा आरसा होतो. जिओबुकचा पडदा न चकाकणारा आहे, हा त्याचा मोठा गुण. मला त्या वेळी आठवला तो हिरवा-पांढरा छोटा लॅपटॉप, जो २००७ साली आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या शाळेत मुलांना दिला होता. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जगभर गाजलेल्या प्रकल्पाचा भारतातला तो पहिला प्रयोग. वजन दीड किलोच्या जवळ, आजच्या मानानं जडच, आणि वेगही बेतास बात. पण त्याचा पडदा भर उन्हात वाचता यायचा आणि कीबोर्ड रबराचा सलग पापुद्रा होता, धूळ-पाणी आत जायला फट नाही. पुढं २०११ मध्ये सरकारचा आकाश टॅबलेट आला, सात इंची, आणि बोट नुसतं टेकून न चालणारा, दाबावं लागणारा पडदा. स्वस्त आणि हलका होता, पण तो टिकला नाही. खैराटच्या यंत्राची आखणी करणाऱ्यांनी मुलं कुठं बसून वाचतात याचा विचार केला होता. नंतरच्यांनी बहुतेक किंमत कुठवर खाली येते एवढंच बघितलं.

घेतलं ते

जूनच्या पहिल्या आठवड्यात गॅलेक्सी टॅब ए९ प्लस घेतला, अकरा इंची, ५जी सिमवाला. चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी जागा. तेवढ्यानं भागणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून मेमरी कार्डाची खाच आहे याची आधी खात्री केली. सवलत वगैरे धरून एकवीस हजारांच्या आत बसला. कव्हर सातशे, पडद्याची काच तीनशे, मेमरी कार्ड नऊशे. आणि एक ब्लूटूथ कीबोर्ड चौदाशे. हा शेवटचा खर्च माझ्या आग्रहाखातर, भावोजींची समजूत काढायला: "बघा, टॅबचा टॅब, लॅपटॉपचा लॅपटॉप."

हा माझा सल्ला साफ फसला. त्या कीबोर्डवर फक्त इंग्रजी अक्षरं छापलेली. पडद्यावरच्या कीबोर्डवर मनू इंग्रजी अक्षरांत लिहायची आणि मराठी उमटायचं. बाहेरचा कीबोर्ड जोडला की आमच्या टॅबवर ती सोय गप्प. मग उरतो इन्स्क्रिप्ट, म्हणजे सरकारी मांडणी, जिच्यात क कुठं आणि ख कुठं हे पाठ असावं लागतं. मी ऑफिसात इन्स्क्रिप्टच वापरते, म्हणून मला हे सुचलंच नाही की चौदा वर्षांच्या मुलीला ते येत नसेल. दोन आठवडे तिनं प्रयत्न केला. 'पर्यावरण' मधला रफार काही केल्या जागेवर बसेना. त्यानंतर कीबोर्ड माळ्यावर गेला तो अजून तिथंच आहे.

मनूनं स्वतःची वाट काढली. ती बोलून टाइप करते. जलसुरक्षेचा प्रकल्प तिनं झोपाळ्यावर बसून टॅबला तोंडी सांगितला, मग चुका बोटानं दुरुस्त केल्या. 'विहीर' नीट येतं, 'पऱ्या' काही केल्या येत नाही. पऱ्या म्हणजे आमच्याकडं ओढा. टॅब दर वेळी 'पर्याय' लिहितो. सरांनी एके ठिकाणी लाल शाईनं विचारलं होतं, "गावाजवळून कोणता पर्याय वाहतो?"

सिमचा रिचार्ज हा न संपणारा खर्च. महिन्याला तीनशेच्या आसपास. भिशी एकदा लागते, रिचार्ज दर महिन्याला लागतो, आणि हे खरेदीच्या वेळी कुणीच धरलं नव्हतं. सध्या तो मी भरते. बदल्यात यंदा आमसुलं दुप्पट आली.

पावसानं आणखी एक धडा दिला. जुलैत घरात कपडे वाळत नाहीत, भिंतीला हात लावला तर ओल लागते. एका सकाळी चार्जर लावल्यावर पडद्यावर सूचना आली की खाचेत ओलावा आहे, चार्जिंग होणार नाही. ताईनं घाबरून टॅब तांदळाच्या डब्यात घातला. तांदळानं ओल ओढली जाते ही समजूत कुणी पसरवली कोण जाणे. कोंडा आणि पीठ खाचेत जातं ते वेगळंच. मी फोनवरून तो बाहेर काढायला लावला, खाच खाली करून अर्धा तास पंख्यासमोर उभा केला, सूचना गेली. आता रात्री तो कपाटात असतो, बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या चार पुड्यांबरोबर.

रीलबद्दल भावोजी बरोबर होते. पहिल्या महिन्यात ती भरपूर बघितली गेली. मग गूगलचं फॅमिली लिंक लावलं, रात्री साडेनऊला टॅब झोपतो. याच्यावर मनूशी माझं भांडण झालं आणि दहावर तडजोड झाली. जो वेळ आधी फोनची वाट बघण्यात जायचा, त्यातला काही अभ्यासाला गेला आणि काही रीलला. किती कशाला, हे मी मोजलेलं नाही.

एक काम मात्र जमलं नाही ते नाहीच. पाठ्यपुस्तकाच्या पीडीएफमध्ये शब्द शोधता येईल असं मी मोठ्या रुबाबात सांगितलं होतं. उतरवलेल्या पुस्तकात 'परावर्तन' टाइप केलं, उत्तर शून्य. शब्द डोळ्यांसमोर मोठ्या अक्षरांत दिसतोय आणि टॅब म्हणतो नाही. ओळ कॉपी करून बघितली तर रोमन अक्षरांची कचराकुंडी निघाली. छपाईसाठी जुळवलेला जुना, युनिकोड नसलेला फाँट. दिसायला देवनागरी, आत भलतंच. मनूनं मग वहीत प्रत्येक पीडीएफची अनुक्रमणिका पानांच्या खऱ्या आकड्यांसह उतरवून काढली, पेन्सिलीनं.

डिसेंबरात मी गेले तेव्हा वाण्यानंच आठवण केली, "दप्तर नाही मोजायचं?" मोजलं. पाच किलो पन्नास ग्रॅम. बाटली रिकामी, बाकी सगळं जसंच्या तसं. अजून एक किलो जास्तच आहे आणि तो टॅबनं कमी होणारा नाही.

भावोजींनी लॅपटॉपचा विषय सोडलेला नाही. अकरावीला शास्त्र घेतलं तर सीईटी संगणकावर असते, तेव्हा माऊसची सवय हवीच, असं त्यांचं म्हणणं, आणि या वेळी माझ्याकडं त्याला उत्तर नाही. त्यांनी माळ्यावरचा ब्लूटूथ कीबोर्ड विकून टाकायचंही सुचवलं. मी म्हटलं, राहू दे, इन्स्क्रिप्ट शिकवते तिला सुट्टीत. ताईनं नवी भिशी धरलीय. बारा जणी आहेत, तिचा नंबर सातवा.